वाय-फाय जोडले, पण नोंद पोहोचली का?

शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप २०१४ मध्ये हौशी मंडळींच्या हाती पडली आणि वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर काहीशे रुपयांत मिळू लागला. २०१६ मध्ये तिच्याहून ताकदवान ईएसपी३२ आली. तेव्हापासून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचा एक साचाच ठरून गेला आहे: एक सेन्सर, एक ईएसपी बोर्ड, वाय-फाय आणि दूर कुठेतरी सर्व्हरवर असलेला मायएसक्यूएल डेटाबेस. मोजायची गोष्ट बदलते. कुणी द्राक्षबागेतला ओलावा मोजतो, कुणी पाण्याच्या टाकीची पातळी, कुणी शीतगृहाचे तापमान. तक्रार मात्र ठरलेली असते: ‘कनेक्ट होत नाही.’

ही तक्रार अपुरी आहे, आणि दुरुस्तीला वेळ लागतो तो त्यामुळेच. सेन्सरचा आकडा डेटाबेसच्या तक्त्यात जाऊन बसेपर्यंत किमान सहा गोष्टी जुळून याव्या लागतात. बोर्डाला पुरेशी वीज मिळाली पाहिजे, रेडिओने राउटर गाठला पाहिजे, राउटरने आयपी पत्ता दिला पाहिजे, त्या पत्त्यावरून सर्व्हरपर्यंत वाट मोकळी असली पाहिजे, सर्व्हरने ओळख पटवून आत घेतले पाहिजे आणि शेवटी आकडा योग्य जागी, योग्य वेळेच्या शिक्क्यासह लिहिला गेला पाहिजे. यातली प्रत्येक पायरी आपापल्या तऱ्हेने बिघडते आणि बिघडताना वेगळी खूण सोडते. बहुतेक जण ती खूण न पाहता लायब्ररी बदलतात, मग बोर्ड बदलतात, मग कुणाचा तरी तयार कोड उतरवून घेतात. ‘शेवटची यशस्वी पायरी कोणती?’ एवढा एकच प्रश्न आधी विचारला, तर निम्मी शोधाशोध वाचते.

सुरुवात विजेपासून करावी लागते, कारण विजेचा दोष हमखास वाय-फायच्या नावावर खपतो. ईएसपी३२ रेडिओवरून पूर्ण ताकदीने पाठवू लागली की सुमारे २४० मिलिअँपिअर करंट ओढते. वीजपुरवठा किमान ५०० मिलिअँपिअरचा असावा, अशी एस्प्रेसिफची शिफारस आहे. अर्दुइनो उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनमधून मिळतात फक्त ५० मिलिअँपिअर. तरीही ईएसपी-०१ हे छोटे मोड्यूल थेट त्या पिनला जोडण्याची आकृती वर्षानुवर्षे एका प्रकल्प-अहवालातून दुसऱ्यात उतरत आली आहे. अशा जोडणीत बोर्ड सुरू होतो, सेन्सरचे आकडेही दिसतात, आणि वाय-फाय सुरू करण्याच्या ओळीवर आले की सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ईएसपी३२ निदान सिरीयल मॉनिटरवर ब्राउनआउटचा, म्हणजे व्होल्टेज कोसळल्याचा, संदेश छापते. ईएसपी८२६६ सुरू होतानाचे संदेश ७४८८० या वेगळ्याच बॉड रेटने पाठवते, त्यामुळे ते कचऱ्यासारखे दिसतात आणि पाहणारा ते सोडून देतो. मॉनिटरचा वेग तेवढ्यापुरता बदलला, तर रीसेटचे कारण वाचता येते.

इथे मल्टिमीटर दगा देतो. व्होल्टेज काही मिलिसेकंदांपुरतेच कोसळते आणि मीटर सरासरी दाखवत असल्याने ३.३ वर स्थिर दिसतो. ऑसिलोस्कोप नसेल तर सोपा प्रयोग करावा: चार्जिंगपुरती असलेली बारीक केबल बाजूला ठेवून चांगली केबल आणि चांगला अडॅप्टर लावावा, मोड्यूलच्या पिनांजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवावा आणि ब्रेडबोर्डवरच्या लांबलचक जम्पर वायर आखूड कराव्यात. एवढ्याने वागणूक बदलली तर दोष विजेचा होता, कोडला हात लावायची गरज नाही.

रेडिओच्या पायरीवर पहिली अट आहे २.४ गिगाहर्ट्झची. ईएसपी८२६६ आणि मूळ ईएसपी३२ यांना ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दिसतच नाही. घरच्या राउटरवर सहसा दोन्ही पट्टे चालू असतात, म्हणून घरी अडत नाही. सादरीकरणाच्या दिवशी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र हमखास अडते. आयफोन १२ पासून पुढच्या फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर चालू शकतो. त्याच्या सेटिंगमधला ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ हा पर्याय चालू केला की तो २.४ वर येतो. अँड्रॉइड फोनमध्येही पट्टा निवडायची सोय असते. आयफोनची दुसरी अडचण फारच सूक्ष्म आहे. फोनच्या नावात मालकाच्या नावानंतर जे स्वल्पविरामासारखे चिन्ह येते, ते वळणदार असते आणि कोडमध्ये कीबोर्डवरून टाइप होणारे चिन्ह सरळ असते. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, बोर्डाला ती दोन वेगळी नावे वाटतात. फोनचे नाव साधे, एका शब्दाचे करून टाकावे.

महाविद्यालयाच्या वाय-फायवर तर बोर्ड जोडण्याचा हट्टच धरू नये, असे माझे मत आहे. जिथे जोडल्यानंतर ब्राउझरमध्ये लॉगिनचे पान उघडते, तिथे बोर्डाला आयपी पत्ता मिळतो, स्थिती ‘कनेक्टेड’ दिसते आणि पुढे एकही बाइट बाहेर जात नाही. हे पान भरणारे कुणी बोर्डावर नसते. जिथे प्रत्येकाला स्वतंत्र वापरनाव आणि पासवर्ड आहे, तिथे एंटरप्राइझ पद्धतीची जोडणी लागते. ईएसपी३२ ती करू शकते, पण नेहमीची नाव-पासवर्डची एक ओळ तिथे चालत नाही.

बोर्ड स्वतः काय सांगतो हे वाचायची सवय इथे फार उपयोगी पडते. ईएसपी३२ जोडणी तुटल्यावर कारणाचा क्रमांक देते. २०१ म्हणजे त्या नावाचे नेटवर्क सापडलेच नाही: पट्टा चुकला, नाव चुकले किंवा अंतर जास्त आहे. २०२ म्हणजे ओळख पटली नाही. १५ म्हणजे किल्लीची देवाणघेवाण अर्ध्यावर राहिली, आणि याचे नेहमीचे कारण चुकीचा पासवर्ड असते. पासवर्डच्या शेवटी चुकून आलेली मोकळी जागाही त्यात येते. जोडण्याआधी आसपासची नेटवर्के शोधून सिरीयल मॉनिटरवर त्यांची यादी छापावी. सिग्नल उणे ६५ डीबीएमच्या आसपास असेल तर काळजी नाही. उणे ८० च्या खाली गेला की जोडणी होईल, पण टिकेल याचा भरवसा नाही.

आपल्याकडच्या गावांत आणि शेतांवर या पायरीचा एक खास बिघाड दिसतो, आणि परदेशी पाठ्यपुस्तकांत त्याची चर्चा क्वचितच असते. लाइट जाते आणि येते. बोर्ड एका सेकंदाच्या आत जागा होतो, राउटरला उभे राहायला एक-दोन मिनिटे लागतात. बोर्डावरचा कोड दहा-वीस वेळा प्रयत्न करतो, नेटवर्क सापडत नाही म्हणून पुढे सरकतो आणि त्यानंतर कधीच पुन्हा प्रयत्न करत नाही. शेतकऱ्याला वाटते यंत्र बिघडले. कुणीतरी जाऊन रीसेटचे बटण दाबतो आणि ते चालू होते, म्हणून दोष सापडतही नाही. जोडणी सुरुवातीला एकदाच न तपासता प्रत्येक फेरीत तपासली पाहिजे. प्रयत्न फसला तर थांबण्याचा काळ वाढवत न्यावा: पाच सेकंद, दहा, वीस, आणि मग काही मिनिटांवर स्थिर. ही चार-सहा ओळींची भर मला कुठल्याही महागड्या अँटेनापेक्षा मोलाची वाटते.

आयपी पत्ता मिळाला की पुढची गफलत पत्त्यांची असते. संगणकावर एक्सएएमपीपी हा सर्व्हर-संच बसवून केलेला प्रयोग ‘लोकलहोस्ट’ या नावाने चालतो. तेच नाव बोर्डाच्या कोडमध्ये टाकले की बोर्ड स्वतःच्याच आत डेटाबेस शोधू लागतो. मग तिथे लॅपटॉपचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकला जातो. तो त्याच राउटरखाली चालतो, जर विंडोजच्या फायरवॉलने अडवले नाही तर, आणि राउटरने उद्या दुसरा पत्ता दिला नाही तर. हा खासगी पत्ता घराबाहेरून कधीच सापडणार नाही. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग केले तरी मोबाइल डेटावर आणि अनेक घरगुती जोडण्यांवर ते निष्फळ ठरते, कारण सेवा देणारी कंपनी एकच सार्वजनिक पत्ता असंख्य ग्राहकांत वाटून देते. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात दिसला, तर हीच व्यवस्था आहे असे समजावे आणि घरातला लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरण्याचा नाद सोडून भाड्याचा सर्व्हर घ्यावा.

आता मुख्य मुद्दा. बोर्डाने डेटाबेसशी थेट बोलावे का?

अर्दुइनोसाठी मायएसक्यूएलची एक प्रसिद्ध लायब्ररी आहे, चार्ल्स बेल यांची. तिच्यामुळे बोर्डावरून थेट ३३०६ या पोर्टवर जाऊन तक्त्यात ओळ घालता येते. शिकण्यासाठी ती गंमत उत्तम आहे, पण दूरच्या सर्व्हरबाबत ती वाट पदोपदी अडते. मायएसक्यूएल अनेक ठिकाणी फक्त त्याच यंत्रावरून येणाऱ्या विनंत्या ऐकण्यावर बांधलेला असतो. ते उघडले तरी वापरकर्त्याची परवानगी नावासोबत तो कुठून येतो यावरही ठरते. म्हणून त्रुटी ११३० आणि त्रुटी १०४५ यांत फरक केला पाहिजे. पहिली म्हणते, या ठिकाणाहून येणाऱ्याला प्रवेशच नाही. दुसरी म्हणते, नाव-पासवर्ड किंवा त्यांची ठिकाणाशी जोडी जुळत नाही. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर तर ३३०६ बाहेरून बंदच असते आणि बोर्डाला काहीच उत्तर येत नाही.

याहून अवघड आहे ती ओळख पटवण्याची बदललेली पद्धत. २०१८ च्या मायएसक्यूएल ८.० पासून नव्या वापरकर्त्यांसाठी पासवर्ड तपासण्याची नवी पद्धत मूळ म्हणून आली. छोट्या बोर्डांची लायब्ररी जुन्या पद्धतीवर बेतलेली होती. २०२४ च्या ८.४ आवृत्तीत जुनी पद्धत मुळातच बंद ठेवलेली आहे, आणि त्याच वर्षीच्या ९.० मधून ती काढून टाकली आहे. २०१७ च्या पुस्तकातला कोड अक्षरशः बरोबर उतरवूनही आज का चालत नाही, याचे उत्तर इथे आहे. ज्या विद्यार्थ्याने त्यापायी आठवडा घालवला, त्याची त्यात काही चूक नाही.

काही मर्यादा तर उशिरा उगवतात. एकाच ठिकाणाहून सलग १०० अर्धवट जोडण्या झाल्या की मायएसक्यूएल ते ठिकाणच अडवतो. दुबळ्या सिग्नलवरचा बोर्ड हा आकडा सहज गाठतो, आणि मग सिग्नल सुधारला तरी दार बंदच राहते. जोडणी उघडी ठेवून काही न पाठवल्यास सर्व्हर २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी ती बंद करतो. त्यामुळे रात्री नीट चाललेले यंत्र सकाळी गप्प दिसते. उलट, प्रत्येक वेळी नवी जोडणी उघडून जुनी बंदच केली नाही, तर १५१ ही मूळ मर्यादा भरते आणि बाकीच्या यंत्रांनाही आत जाता येत नाही.

हे सगळे सोडवता येईल, पण एक गोष्ट सुटत नाही. थेट जोडणीसाठी डेटाबेसचा पासवर्ड बोर्डाच्या फ्लॅश मेमरीत ठेवावा लागतो. शेतात, गच्चीवर, इमारतीच्या जिन्यात लावलेला बोर्ड कुणीही काढून नेऊ शकतो, आणि नेहमीच्या बोर्डांवरची मेमरी यूएसबी केबलने वाचता येते. डेटाबेसचे दार साऱ्या इंटरनेटला उघडे ठेवले की काय होते, हे जानेवारी २०१७ मध्ये दिसले. पासवर्डविना उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि मालकांकडे खंडणी मागितली गेली. म्हणून माझा निर्वाळा स्पष्ट आहे: प्रयोगशाळेच्या टेबलाबाहेर जाणाऱ्या बोर्डाने डेटाबेसशी थेट बोलू नये. मध्ये सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम असावा. बोर्डाने त्याला आकडा आणि स्वतःची किल्ली द्यावी, त्याने ती तपासून तक्त्यात लिहावे, आणि डेटाबेसने त्या प्रोग्रामला फक्त ओळ घालण्याची परवानगी द्यावी. एखादा बोर्ड चोरीला गेला तर त्याची एक किल्ली रद्द करून काम भागते.

या वाटेवरही बिघाड होतात, पण ते बोलके असतात. एचटीटीपीचे उत्तर ४०१ किंवा ४०३ आले तर किल्ली पाहावी, ४०४ आले तर पत्ता, ५०० आले तर सर्व्हरवरची नोंदवही. ३०१ म्हणजे सर्व्हर सुरक्षित पत्त्याकडे वळवतो आहे आणि बोर्ड वळायला तयार नाही. गूगल शीट्समध्ये अॅप्स स्क्रिप्टमार्फत लिहिणाऱ्यांना ३०२ दिसतो. तिथे ओळ बहुधा आधीच लिहिली गेलेली असते, आणि अपयश समजून पुन्हा पाठवले की नोंदी दुप्पट होतात. काही मोफत होस्टिंग सेवा ब्राउझर आहे का हे जावास्क्रिप्टने तपासतात. बोर्डाला तेव्हा २०० हे यशाचे उत्तर मिळते, पण सोबत येते ते तपासणीचे पान. नोंद झालेलीच नसते. थिंगस्पीक या सेवेच्या मोफत खात्यावर १५ सेकंदांच्या आत दुसरा आकडा पाठवला तर नोंद होत नाही आणि उत्तराच्या मजकुरात शून्य येते. तेव्हा उत्तराचा क्रमांक पाहून थांबू नये, मजकूरही छापून वाचावा.

सुरक्षित जोडणीतला सर्वांत फसवा दोष घड्याळाचा आहे. सर्व्हरचे प्रमाणपत्र कधीपासून कधीपर्यंत वैध आहे हे तपासायला आजची तारीख लागते, आणि नुकताच जागा झालेला बोर्ड १ जानेवारी १९७० मध्ये असतो. आधी एनटीपी सर्व्हरकडून वेळ घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर वैध प्रमाणपत्रही नाकारले जाते आणि दिसते फक्त ‘जोडणी नाही’. दुसरी गोष्ट, सर्व्हरच्या प्रमाणपत्राचा ठसा कोडमध्ये कोरून ठेवणे. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची प्रमाणपत्रे ९० दिवसांची असतात, म्हणजे तीन महिन्यांच्या आतच यंत्र मुके होणार. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतले एक जुने मूळ प्रमाणपत्र संपले, तेव्हा जगभरची जुनी उपकरणे एकाएकी तुटली. प्रमाणपत्रांची मुदत आता आणखी कमी होत जाणार आहे. मार्च २०२९ पासून कमाल ४७ दिवस, असे ठरले आहे. तेव्हा ठसा न ठेवता मूळ प्रमाणपत्र ठेवावे आणि तेही दुरून बदलता येईल अशी सोय करावी. तपासणीच बंद करणारी एक ओळ लायब्ररीत असते आणि तिने सगळे ‘चालू’ होते. दोष शोधण्यापुरती ती लावावी, पण तशीच ठेवून यंत्र लोकांच्या घरी देऊ नये. ईएसपी८२६६ वर मेमरीचाही प्रश्न आहे. मोकळी जागा ४०-५० किलोबाइटच्या आसपास असते आणि एका सुरक्षित जोडणीसाठी त्यातले १६ किलोबाइट नुसते येणाऱ्या मजकुरासाठी राखावे लागतात. नव्या प्रकल्पाला ईएसपी३२ घेतलेली बरी.

एमक्यूटीटी हा दुसरा मार्ग १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवरची माहिती उपग्रहामार्फत आणण्यासाठी तयार केला. अधूनमधून तुटणाऱ्या जोडणीसाठी तो खरोखर चांगला आहे. त्याचे दोन बिघाड लक्षात ठेवावेत. दोन बोर्डांना एकच ओळखनाव दिले तर ते आळीपाळीने एकमेकांना बाहेर काढत राहतात. आणि पबसबक्लायंट या लोकप्रिय लायब्ररीत संदेशाची मूळ मर्यादा २५६ बाइट आहे, जुन्या आवृत्त्यांत १२८. त्याहून मोठा संदेश जात नाही आणि परत आलेले उत्तर तपासले नाही तर ते कळतही नाही. फायरबेस ही तयार डेटाबेस-सेवा वापरणाऱ्यांनी एवढेच पाहावे: चाचणीसाठी घेतलेले नियम ३० दिवसांनी संपतात, आणि महिनाभर चाललेला प्रकल्प नेमका त्या दिवशी बंद पडतो.

शेवटची पायरी, नोंद होऊनही न दिसण्याची. इन्फ्लक्सडीबी हा डेटाबेस वेळ नॅनोसेकंदात धरतो. बोर्डाने सेकंदात पाठवली आणि तसे सांगितले नाही, तर सगळ्या नोंदी १९७० मध्ये जाऊन बसतात आणि आलेख रिकामा राहतो. सर्व्हर जागतिक वेळेवर असेल तर दुपारची नोंद साडेपाच तास मागे दिसते. कधी नोंद दिसते, पण आकडाच खोटा असतो: ईएसपी३२ वर वाय-फाय चालू असताना दुसऱ्या एडीसीच्या, म्हणजे अॅनलॉग सेन्सर वाचणाऱ्या भागाच्या, पिना वाचता येत नाहीत. त्यामुळे जोडणी झाली की सेन्सर बिघडल्यासारखा वाटतो. तो पहिल्या एडीसीवर, म्हणजे ३२ ते ३९ मधल्या पिनेवर हलवला की प्रश्न मिटतो.

शोधाची पद्धत यातून आपोआप ठरते. त्याच वाय-फायवर लॅपटॉप जोडून तीच विनंती हाताने पाठवून पाहावी. ती पोहोचली तर दोष बोर्डात, नाही तर वाटेत किंवा सर्व्हरवर. त्याच वेळी सर्व्हरची नोंदवही उघडी ठेवावी. बोर्डाची विनंती तिथे दिसतच नसेल तर डेटाबेसच्या मागे लागू नये. प्रत्येक नोंदीसोबत वाढता अनुक्रमांक, सिग्नलची ताकद आणि मागच्या रीसेटचे कारण पाठवावे. अनुक्रमांकात खंड पडला तर जोडणी गेली होती, तो शून्यावर आला तर बोर्ड पुन्हा सुरू झाला होता. जोडणी नसताना आकडे फ्लॅशमध्ये साठवावेत आणि नंतर मूळ वेळेसह पाठवावेत. त्यासाठी डीएस३२३१ सारखे बॅटरीवर चालणारे घड्याळ सोबत असावे.

प्रकल्पांना मार्गदर्शन करणाऱ्या आणि तोंडी परीक्षा घेणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. सादरीकरण चालू असताना राउटर पाच मिनिटे बंद करा, पुन्हा चालू करा आणि त्या पाच मिनिटांच्या नोंदी डेटाबेसमध्ये उघडून दाखवायला सांगा. गुण त्यावर द्या.